क्विक्झॉटिक म्हणजे नक्की काय? कौतुक समजू की टोमणा?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी, एक इंग्रजी शब्द अडलाय आणि तो असा अडलाय की काल रात्री धड झोप पण लागली नाही, तर जरा मदत करा.

आमची पुण्यात ११२ फ्लॅटची सोसायटी आहे. गेल्या वर्षी विसर्जनाला डीजे आणला होता, बी विंगच्या काचा अक्षरशः थरथरत होत्या आणि तळमजल्यावरचे आजोबा रात्रभर छातीवर हात ठेवून बसून होते. म्हणून यंदा मी ग्रुपवर लिहिलं की डीजे बंद करू आणि सोसायटीतल्याच लोकांनी दोन महिने रोज सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस करून मिरवणुकीत लेझीम खेळायची, लहान मोठे सगळे, रात्री दोनपर्यंत कॉलवर असणारे आयटीवाले पण. उत्साहाच्या भरात चाळीस लेझीम मागवून पण टाकल्या, स्वतःच्या खिशातून.

त्यावर आमच्या एका रिटायर्ड काकांनी (इंग्रजी पेपर शब्दकोड्यासकट संपवणारे गृहस्थ आहेत) उत्तर टाकलं की प्रस्ताव 'नोबल बट क्विक्झॉटिक' आहे. त्याला बावीस अंगठे आले. त्यातले निम्मे तरी अर्थ न कळता दिलेले असणार, पण तरी बावीस.

मोबाईलवर अर्थ बघितला तर 'अव्यवहार्य' एवढाच आला. मग सरळ इम्प्रॅक्टिकल लिहायचं ना, हा एवढा अवघड शब्द कशाला? आणि नोबल पण म्हणतायत म्हणजे चांगलं म्हणायचंय का? उत्तर काय द्यायचं ते अर्थ कळल्याशिवाय ठरवता येत नाहीये, रविवारी मीटिंग आहे. उच्चार पण सांगा, मी मनातल्या मनात क्विझोटिक म्हणतोय. बायको म्हणते अर्थ गेला खड्ड्यात, चाळीस लेझीम ठेवायच्या कुठे ते आधी सांग.

सातारी_कंदी

शिकलेल्या माणसाला येडं म्हणायचं असेल तर क्विक्झॉटिक म्हणतात. विषय संपला.

आमसुलं

नाही हो कंदी, विषय एवढ्यात संपत नाही. मी भाषांतराची कामं करते आणि या शब्दाने मला बऱ्याचदा रडवलंय, कारण 'अव्यवहार्य' लिहिलं की वाक्यातला जीवच जातो.

आधी इम्प्रॅक्टिकल बघा. जुलैमध्ये पांढरी पँट घालून विरार लोकल पकडणं हे इम्प्रॅक्टिकल आहे, म्हणजे करता येतं पण सोयीचं नाही, शहाणपणाचं नाही. त्याचाच एक चुलतभाऊ आहे, इम्प्रॅक्टिकेबल. तो म्हणजे मुळात अमलातच आणता येणार नाही असं. ११२ फ्लॅटच्या सगळ्या गाड्या चाळीस गाड्यांच्या पार्किंगमध्ये लावा, हे इम्प्रॅक्टिकेबल. या दोघांची लोक सर्रास सरमिसळ करतात, चांगले चांगले पेपरवाले पण.

पण पांढऱ्या पँटला कोणी क्विक्झॉटिक म्हणणार नाही, कारण त्यात उदात्त असं काही नाही. क्विक्झॉटिक म्हणायला हेतू चांगला लागतो, स्वतःच्या फायद्यापलीकडचा लागतो, आणि तो गाठायचा मार्ग असा लागतो की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा. म्हणजे काकांनी 'नोबल' वेगळं लिहायची खरंतर गरजच नव्हती, ते त्या शब्दात आधीच आहे.

अजून एक, हा शब्द माणसाला, त्याच्या बेताला, प्रयत्नाला, मोहिमेला लावतात. क्विक्झॉटिक मिशन, क्विक्झॉटिक अटेम्प्ट, क्विक्झॉटिक क्वेस्ट असं. वस्तूला नाही लावत. डुगडुगणारी खुर्ची इम्प्रॅक्टिकल असू शकते, क्विक्झॉटिक नाही.

खडूस_मास्तर

आमसुलंताईंनी बरोबर सांगितलंय पण ज्याच्यावरून शब्द आला तो माणूस कळल्याशिवाय हा शब्द कळत नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावतो, ज्यांना घाई असेल त्यांनी खाली जावं.

सर्व्हान्टेस नावाचा स्पॅनिश लेखक. १५७१ च्या लेपांटोच्या आरमारी लढाईत याचा डावा हात निकामी झाला, पुढे घरी परतताना समुद्री चाच्यांनी पकडून अल्जीयर्सला नेलं, तिथे पाच वर्षं कैदेत काढली. असा सगळा मार खाल्लेल्या माणसाने म्हातारपणाकडे झुकल्यावर 'डॉन क्विक्झोट' लिहिलं, पहिला भाग १६०५, दुसरा १६१५. १६१६ साली गेलाच तो.

गोष्टीतला नायक ला मांचा नावाच्या रखरखीत मुलखातला, पन्नाशीला टेकलेला, बेताच्या शेतीवाडीचा एक गृहस्थ. शूर सरदारांच्या जुन्या पोथ्या वाचून वाचून, त्यासाठी जमिनी विकून, याचं डोकं फिरतं आणि हा ठरवतो की आपण पण तसंच सरदार व्हायचं, घोड्यावर बसून जगातला अन्याय निपटायचा. पणजोबाचं गंजलेलं चिलखत काढतो, हाडं दिसणाऱ्या घोड्याला रोसिनान्ते असं भारदस्त नाव ठेवतो, शेजारगावच्या एका शेतकऱ्याच्या पोरीला मनातल्या मनात राजकन्या करून टाकतो (तिला याचा पत्ताही नाही) आणि निघतो. नंतर सांचो पांझा नावाचा शेजारी गाढवावर बसून बरोबर येतो, कारण त्याला एका बेटाचं राज्य कबूल केलेलं असतं.

पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला घेऊन धावतो तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. पण मला विचाराल तर या शब्दाचा खरा अर्थ दुसऱ्याच एका प्रसंगात आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. एका मेंढपाळ पोराला मालक झाडाला बांधून चाबकाने फोडत असतो, पोराचा पगार पण थकवलेला. आपला सरदार भाला रोखून मालकाला दम देतो, सोड याला आणि पैसे दे. मालक हो हो म्हणतो, शपथ घेतो. सरदार खूश, एक अन्याय निपटला म्हणून पुढे निघून जातो. पोरगं बिचारं म्हणत असतं की अहो हा कसला पैसे देतोय, पण हा म्हणतो की त्याने शपथ घेतलीय ना, मग झालं. सरदाराची पाठ वळल्याबरोबर मालक पोराला परत झाडाला बांधतो आणि आधीपेक्षा दुप्पट मारतो. पुढे कधीतरी ते पोरगं परत भेटतं तेव्हा हात जोडून सांगतं की बाबा रे, यापुढे माझे तुकडे होताना दिसले तरी मदतीला येऊ नकोस.

आता सांगा, हेतू वाईट होता का? नाही. अन्याय खोटा होता का? तोही नाही, मार खराच पडत होता. चुकला कुठे, तर समोरचा माणूस कसा आहे ते याला दिसलंच नाही, याला पोथीतलं जग दिसत होतं जिथे शपथ म्हणजे शपथ असते. माझ्या मते क्विक्झॉटिकचा गाभा हा आहे.

माद्रिदचा_मिरजकर

मास्तर, एक नंबर. आता माझं थोडं उच्चारावर, कारण इथे स्पेनला आल्यावर पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली होती, ऑफिसच्या कँटीनमध्ये मी झोकात 'डॉन क्विक्झोट' म्हणालो आणि समोरच्याला कळेचना मी कोणाबद्दल बोलतोय. इथे 'डॉन किहोते' म्हणतात, तो ह पण आपला ह नाही, घशातून खरवडून काढलेला, ख आणि ह च्या मधला.

गंमत अशी की सर्व्हान्टेसच्या काळात त्या एक्स अक्षराचा उच्चार 'श' होता, म्हणजे साधारण 'किशोते'. म्हणूनच फ्रेंच आजही किशॉत म्हणतात आणि इटालियन किशोत्ते. नंतर स्पॅनिशमध्ये 'श' चा घशातला 'ह' झाला आणि १८१५ च्या सुमारास इथल्या भाषा अकादमीने स्पेलिंगमध्ये एक्सच्या जागी 'जे' (J) आणला. मेक्सिकोने मात्र आपला एक्स सोडला नाही, लिहितात एक्स आणि म्हणतात मेहिको. शेरी नावाची दारू ऐकली असेल, ती हेरेस गावची, पूर्वी शेरेस म्हणायचे, इंग्रजांनी तो जुना 'श' उचलला आणि तसाच ठेवला.

पण या पुस्तकाच्या बाबतीत इंग्रजांनी स्पेलिंग बघून सरळ एक्स म्हणजे क्स करून टाकलं. त्यामुळे बोरूबहाद्दर, माणसाचं नाव किहोते पण विशेषण मात्र क्विक्-सॉ-टिक, जोर 'सॉ' वर. किहोतिक वगैरे म्हणायला जाऊ नका, कोणी म्हणत नाही. आपण देवनागरीत झॉ लिहितो ती आपली सवय.

इथे लोक स्वतःला पण हौसेने किहोते म्हणवून घेतात. खिशातल्या ५० सेंटच्या नाण्यावर सर्व्हान्टेसचा चेहरा आहे, शहराच्या मधोमध चौकात किहोते आणि सांचोचा पुतळा आहे. कोन्सुएग्राला टेकडीवर बारा जुन्या पवनचक्क्या आहेत, मी गेलोय, संध्याकाळी खालून वर बघितलं ना की खरंच हात पसरून उभे असल्यासारखे दिसतात. त्यामुळे मी त्या माणसाला फार हसत नाही.

बोरूबहाद्दर

बापरे एवढं! धन्यवाद सगळ्यांना. पण मास्तर, तुमचं वाचून मी जास्तच टेन्शनमध्ये आलो, म्हणजे काका मला डोकं फिरलेला म्हणतायत का? आणि तेवढ्यात काकांचा अजून एक मेसेज आलाय, 'डोन्ट टिल्ट अॅट विंडमिल्स'. आता हे टिल्ट काय? मी पवनचक्कीकडे कुठे कललोय?

खडूस_मास्तर

हाहा, टिल्टचा कलण्याशी इथे संबंध नाही. घोड्यावर बसून भाला आडवा रोखून समोरच्यावर दौडत जायचं, या जुन्या युरोपातल्या खेळाला टिल्ट म्हणायचे. म्हणजे पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावू नका. बऱ्याच पोरांनी माझ्या वर्गात याचा अर्थ 'पवनचक्कीला टेकू नका' असा लिहिलाय, मी अर्धा मार्क दिलाय, हसवल्याबद्दल.

पण या दोन गोष्टी एकच नाहीत हं. विंडमिल्स म्हणजे तुमचा शत्रूच खोटा आहे, नसलेल्या राक्षसाशी लढताय. क्विक्झॉटिक म्हणजे शत्रू खरा असेलही पण तुमची रीत स्वप्नातली. काकांनी पहिला शब्द बरोबर वापरला असेल कदाचित, दुसरा चुकला. डीजे काय पवनचक्की आहे का? तो खरोखरचा राक्षस आहे, मी सदाशिव पेठेत राहतो, मला विचारा.

सातारी_कंदी

मास्तर तुम्ही आमच्या साईडला आले, बघून बरं वाटलं. पण मला एक सांगा, याला मराठीत शब्द नाही असं कसं? शेखचिल्ली आहे की.

आमसुलं

शेखचिल्ली नाही चालत, तो अंडी विकून कोंबड्या घेणार, कोंबड्या विकून बकऱ्या, स्वतःच्याच संसाराची स्वप्नं. मनात मांडे खाणं पण तसंच, मांडे स्वतःच खायचे आहेत ना. हवेत इमले बांधणारा तर जागचा हलतही नाही आणि क्विक्झोट जन्मभर घोड्यावर, मार खातोय, दात पाडून घेतोय पण करतोय.

उंटावरचा शहाणा पण नाही, तो नुसते सल्ले देतो.

मी एकदा 'ध्येयवेडा' लिहिलं होतं. पण आपल्याकडे ध्येयवेडा म्हटलं की नुसता आदर, लगेच शाल श्रीफळ. त्यात हसू नाही. क्विक्झॉटिकमध्ये हसू पाहिजेच, पण वाईट वाटून आलेलं. कधी कधी मी चक्क दोन शब्द घालते, 'भाबडा ध्येयवाद', आणि पुढे जाते. 'आभाळाला ठिगळ लावायला निघालेला' हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, पण ते दर वाक्यात बसत नाही. 'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या' हे पण अर्ध्यापर्यंत येतं, बोरूबहाद्दरांनी खिशातून लेझीम आणल्यात म्हणून विशेष.

पंचगंगा_काठ

कोल्हापुरात याला नादखुळा म्हणतात. चाळीस लेझीम आधी आणि माणसं नंतर, हा शंभर टक्के नादखुळा माणूस आहे आणि हे मी कौतुकाने म्हणतोय.

बाकी मला वाटतं र. धों. कर्वे हे आपल्याकडचं क्विक्झॉटिकचं सगळ्यात मोठं उदाहरण. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, कॉलेजातली प्राध्यापकी गेली, जुलै १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत पदरचे पैसे घालून मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. अख्खा समाज विरोधात.

आमसुलं

नाही, इथे मी आडवी येणार. कर्व्यांना क्विक्झॉटिक म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. कुठल्या पोथीतलं जग बघत होते ते? गणिताचा माणूस, आकडे मांडून बोलायचे, समाज कसा आहे आणि आपल्याला काय भोगावं लागणार ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकटं असणं वेगळं आणि भ्रमात असणं वेगळं. हरणाऱ्या प्रत्येक माणसाला हा शब्द चिकटवायची आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांना सवय लागलीय, निवडणुकीत अपक्ष उभा राहिला की लगेच क्विक्झॉटिक बिड.

पंचगंगा_काठ

मान्य, पण मग ते तमिळनाडूतले पद्मराजन? टायर दुरुस्तीचं दुकान, १९८८ पासून दोनशेच्या वर निवडणुका लढवल्या, सगळ्या हरले. ते तरी?

आमसुलं

ते तर स्वतःच सांगतात की मला जिंकायचं नाहीच. ज्याला राक्षस नाहीये हे पक्कं माहीत आहे आणि तरी मजेत भाला घेऊन जातो, तो वेगळाच वल्ली झाला. त्याला इंग्रजीत एक्सेंट्रिक म्हणा.

माद्रिदचा_मिरजकर

ताई, तुम्ही जरा जास्तच काटेकोर. इथल्या स्पॅनिशमध्ये किहोतेस्को म्हणतात तेव्हा एवढी भ्रमाची अट नसते, पदरमोड करून दुसऱ्यासाठी भांडणारा कोणीही चालतो. इंग्रजीत जाताना त्यातला वेडेपणा जास्त उरला आणि माया थोडी गळाली असं मला वाटतं.

तारीख_पे_तारीख

मंडळी, साहित्य चालू द्या, मी फक्त कायद्याचं सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, त्यात रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती वेळेची सूट, आवाजाची नाही. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून ५५ डेसिबल कोणी दाखवलं तर मी वकिली सोडतो.

त्यामुळे प्रस्तावाचे दोन तुकडे करा. डीजे नको हा भाग क्विक्झॉटिक नाही, तो नियम आहे. क्विक्झॉटिक भाग म्हणजे सकाळी साडेसहाला आयटीवाले उठून येतील, हा. तिथे काका बरोबर आहेत, माफ करा.

खडूस_मास्तर

वकीलसाहेब, वा. हे मला सुचायला हवं होतं.

बोरूबहाद्दर, तुम्ही विचारलं होतंत की काका वेडा म्हणतायत का. एक राहिलेलं सांगतो. पुस्तकाच्या शेवटी सरदार आजारी पडतो आणि शुद्धीवर येतो, म्हणतो की मी सरदार बिरदार कोणी नाही, ती पुस्तकं सगळी थोतांड. म्हणजे शहाणा होतो. आणि तेव्हा उशाशी बसलेला सांचो, ज्याने आयुष्यभर 'मालक, त्या पवनचक्क्या आहेत' म्हणून सांगितलं, तोच रडत रडत म्हणतो की मालक उठा, मरू नका, चला परत निघू. म्हणून हा शब्द तोंडावर म्हटला तरी तोंड कडू होत नाही. मात्र एक पथ्य पाळा, ऑफिसात साहेबाच्या प्लॅनला चुकूनही क्विक्झॉटिक म्हणू नका, साहेब घरी जाऊन अर्थ बघतो.

बोरूबहाद्दर

मंडळी, मीटिंग झाली, रिपोर्ट देतो. वकीलसाहेबांचे दोन तुकडे तसेच्या तसे मांडले. डीजे नको हे मंजूर झालं, हात वर करून, काकांनी पण हात वर केला. मी त्यांना म्हटलं काका, पवनचक्की नाहीये ती, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, वाचलंस वाटतं.

लेझीमचं मात्र 'ज्यांना जमेल त्यांनी' असं ठरलं. आज पहिला दिवस होता. साडेसहाची वेळ होती, साडेसहाला मी आणि बायको, बायको यासाठी की मी एकटाच उभा राहिलो तर तिला लाज वाटली असती. सव्वासातपर्यंत एकूण सहा जण आले, त्यातली चार दहा वर्षांच्या आतली. मला स्वतःला चार ठोक्यांच्या पुढे काही येत नाही हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. मग आपले वॉचमन, तासगावकडचे आहेत, शेवटी त्यांना राहवलं नाही, काठी बाजूला ठेवून त्यांनी एक लेझीम उचलली आणि जे काही करून दाखवलं ना, पोरं बघतच राहिली. उद्यापासून ते शिकवणार आहेत, ड्युटी संपल्यावर.

चौतीस लेझीम अजून गोणीतच आहेत, बेडखाली.

पंचगंगा_काठ

आमच्या शाळेत गॅदरिंगला हव्यात. वीस देता का? निम्म्या किमतीत.

बोरूबहाद्दर

आठवडाभर थांबा हो.